आमची वाटचाल : कुळथाचं पिठलं, शून्य रुपये

2012 च्या मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घरी पैसे देऊन राहायला पहिलं गिऱ्हाईक आलं, आणि आईने त्यांना गिऱ्हाईक मानायलाच नकार दिला. पुण्याचं चौघांचं कुटुंब. दोन रात्री राहिले, फणसाची भाजी मागून मागून खाल्ली. निघताना मी हिशेबाचा कागद पुढे केला तशी आई आत निघून गेली. गाडी वळणाआड झाल्यावर म्हणाली, "ओटीवर आलेल्याला पान वाढायचं आणि मग त्याचे पैसे मागायचे? तुझे आजोबा असते तर..." पुढचं बोललीच नाही. वर त्या बाईंच्या पिशवीत तिने गुपचूप आमसुलांची पुडी, सहा नारळ आणि एक कापा फणस भरून दिला होता. त्या दोन दिवसांचा नफा बहुतेक त्या फणसातच गेला.

"वाटचाल लिहा, वाटचाल लिहा" म्हणून बायको वर्षभर मागे लागली आहे. लिहायला बसलो तर तोच प्रश्न पुन्हा समोर. आपण नक्की कशाचे पैसे घेतो?

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ले आणि केळशी यांच्या मधल्या पट्ट्यात. पुढे रस्ता, मागे आगर, त्यापलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. आगरात पोफळी, माड, मधूनमधून जायफळ, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल. मी बारा वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरीला जायचो. वडील गेले, आई डोंबिवलीला यायला तयार नव्हती, म्हणून आम्हीच इकडे आलो. नारळ-सुपारीवर घर चालत नाही, हे वर्षभरात कळलं. तिकडे वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं यायची, गावातल्याच घरांत उतरायची, घरचंच जेवायची. ते बघून धीर आला. पर्यटन महामंडळाच्या न्याहरी व निवास योजनेत नोंदणी केली आणि माजघरालगतच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या.

2014 मध्ये कर्ज काढून स्लॅबच्या दोन एसी खोल्या बांधल्या. मे महिन्यात वीज गेली की त्यांचा तवा व्हायचा आणि पाहुणे आपापल्या गाद्या ओढत ओटीवर यायचे. आज एका खोलीत सुपारी आणि काजूबिया असतात. हप्ते मात्र फेडून झाले, एवढं बरं.

मुक्कामाशिवाय दिवसाच्या सहलीही आम्ही घेतो, पण ती कल्पना आमची नव्हेच. दापोलीला लग्नाला आलेलं एक वऱ्हाड, तेरा-चौदा माणसं, "राहायचं नाही, नुसतं दिवसभर बसायचं आहे" म्हणून आलं. मी त्यांच्यासाठी कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव, केळशीची महालक्ष्मी असा कार्यक्रम आखून ठेवला होता. सकाळी सहज आगरात शिंपणं सोडलं आणि त्यांची पोरं तिथेच अडकली. पाटाचं पाणी एका आळ्यात भरलं की फावड्याने मातीचा बांध फोडायचा, पुढच्या आळ्याकडे वळवायचं, मागचं तोंड लिंपायचं. यात बघण्यासारखं काय आहे, मला आजही नीटसं कळलेलं नाही. पण एक सात-आठ वर्षांचा मुलगा पाणी येण्याच्या आधी धावत पुढे जाऊन सुक्या पाटात उताणा पडायचा. पाणी टाळूला लागलं की किंचाळून उठायचा आणि पुन्हा पुढे धावायचा. त्याच्या आजोबांनी शेवटी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. मग नारळाची सोडणं पेटवून चुलाण्यावर तापवलेल्या, धुराचा वास लागलेल्या पाण्याने आंघोळी, आणि जेवण झाल्यावर ओटीवर आडवे. गणपती राहिला तो राहिलाच.

मे महिन्यात आले तर आमसुलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं एका सुपात, गर आणि बिया एका पातेल्यात. गराला मीठ लावलं की रस सुटतो. त्यात सालं बुचकळून काढायची आणि उन्हात घालायची. वाळली की परत तोच रस, परत ऊन. अशी सहा-सात पुटं. एका दिवसाच्या पाहुण्याच्या वाट्याला यातलं एकच पुट येतं, पण बोटं आठवडाभर जांभळी राहतात. आई एक साल चिमटीत धरून वाकवते. मोडलं तर जास्त वाळलं, वाकलं तर ठीक. पाऊस टपलेलाच असतो. ढग दिसले की ओटीवर पेंगणारे पाहुणेसुद्धा सुपं उचलायला धावतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण आमच्या पुडीवर त्याचा शिक्का नाही. त्याची वेगळी नोंदणी लागते, ती या वर्षी नक्की करणार, असं मी तीन वर्षं म्हणतो आहे.

भातलावणीच्या सहलीने तर लाज काढली. 2018 च्या जुलैत बावीस जण आले. इरली घेऊन फोटो झाले, चिखलफेक झाली, मग लावणी. एकेका जागी दहा-दहा काड्यांचे झुपके, तेही वरवर खोचलेले. सकाळी बघतो तर अर्धा तरवा पाण्यावर तरंगतोय. कामाला येणाऱ्या बायकांनी अख्खं खाचर पुन्हा लावलं, दिवसाची मजुरी गेली. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "भाऊ, तेन्ला भात लावायला नको आणू, भात खायाला आण." तेव्हापासून एकच लहान खाचर मागे ठेवतो, बाराच्या वर माणसं घेत नाही, आणि शिकवायला त्या बायकांपैकी दोघी असतात. त्याचे त्यांना मजुरीशिवाय वेगळे पैसे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते किनाऱ्याला लागलं श्रीवर्धनच्या बाजूला, पण आम्हालाही सोडलं नाही. पोफळ मोडताना फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. पहिले काही आम्ही मोजले. संध्याकाळी दार उघडलं तर मागच्या पडवीतून समुद्र दिसत होता. तो तिथून कधीच दिसला नव्हता. अडीचशेपैकी साठ-पासष्ट पोफळी उभ्या राहिल्या. वीज महिन्यावर नव्हती. सावली गेल्यामुळे वाचलेली जायफळंही पुढच्या उन्हाळ्यात करपली. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. 2021 मध्ये नवी रोपं लावली, त्यांना सावली म्हणून मधे केळी. केळफुलाची भाजी आमच्या पानात आली ती तेव्हापासून.

त्याच वर्षी, गिऱ्हाईक जेमतेम सुरू झालेलं, आईने आपणहून विषय काढला. "दिवसाचे किती घेतोस?" मी आकडा सांगितला. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "त्या दोघींना वर्षभर काम नव्हतं. त्यांच्या हाताचे पैसे घे, तांदळाचे घे, आगराचे घे. माझ्या हाताचे घ्यायचे नाहीत."

म्हणून आमचं बिल जरा विचित्र असतं. भात, भाकरी, उसळ, सोलकढी, सगळ्याची किंमत लावलेली. मासे हवे असतील तर शेजारच्या वाडीतल्या वहिनी करून देतात, त्यांचे पैसे परस्पर त्यांनाच. आणि शेवटच्या ओळीत, कुळथाचं पिठलं : 0. ते आई करते. आमच्या सीएने ती ओळ काढायला सांगितली होती. आईला ते सांगायची माझी हिंमत नाही, तुम्ही येऊन सांगा म्हटलं. तो आला, जेवला, ओळ तशीच राहिली.

2021 च्या पोफळींपैकी चार-पाचांना गेल्या वर्षी पहिलं शिपूट, म्हणजे सुपारीचा घोस, आलं.

कुणाला यायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करावा. दुपारी एक ते चार उचलला जाणार नाही. रेंज ओटीच्या डाव्या कोपऱ्यात येते आणि त्या वेळी तिथे कुणीतरी झोपलेलं असतं.