ठाणे दैनंदिनीतील एक नोंद

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, की तुमच्यातल्याच कोणी कायदा मोडला तर तुम्ही काय करता. मे 2024 मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर तो मला पुण्यात अनेकांनी विचारला. त्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि घटनेची माहिती वरिष्ठांना व नियंत्रण कक्षाला वेळेत न कळवल्याच्या कारणावरून येरवडा पोलीस ठाण्यातील दोन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. मी त्यावर बोलणार नाही. मात्र निलंबनाचे कारण माझ्या मनात राहिले, कारण निष्ठा आणि कर्तव्य यांचा खरा झगडा बहुधा याच ठिकाणी होतो: काय कळवायचे, काय लिहायचे आणि किती वाजता लिहायचे.

सहकाऱ्यावरची निष्ठा ही काही वाईट गोष्ट नाही, आणि तिला केवळ संगनमत म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तात अलका चौकात रात्रभर उभे राहून दुसऱ्या दिवशीही पाय हलवता येत नाहीत, तेव्हा पाण्याची बाटली आणून देणारा आणि ‘तू दहा मिनिटे टेक, मी बघतो’ म्हणणारा शेजारचा शिपाईच असतो. दगडफेकीत आपल्या पाठीशी कोण उभा राहील, हे ज्याला ठाऊक नाही, तो जमावासमोर जाऊच शकत नाही. त्यामुळे सहकाऱ्याविरुद्ध एक ओळ लिहिताना हात जड होतो, याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही.

खंडाळ्याच्या प्रशिक्षण केंद्रात माझ्यासोबत असलेला एक हवालदार पुढे माझ्याच पोलीस ठाण्यात आला. एका रात्री मी ठाणे अंमलदार होतो, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीत, रोजच्या नोंदवहीत, नोंदी करण्याचे काम माझ्याकडे होते. मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलेल्या एका मुलाला त्याने चौकशीच्या खोलीत मारले, आणि मुलाच्या कानातून रक्त येऊ लागले. तो माझ्याकडे आला व म्हणाला, “पोरगा पळताना पडला, एवढेच लिही. आणायची वेळही तासभर पुढची टाक.” याच माणसाने एका दंगलीत मला जमावातून ओढून बाहेर काढले होते. त्याने ते बोलून दाखवले नाही, पण आम्हा दोघांनाही ते आठवत होते.

मी त्याला म्हणालो, “मी आता पोराला मेडिकलला पाठवतोय आणि जे पाहिले ते लिहितोय. माझी नोंद होण्याआधी तू स्वतः साहेबांना फोन कर.” त्याने फोन केला. मुलाला रुग्णालयात पाठवले, त्याच्या वडिलांना बोलावले, दैनंदिनीत खरी वेळ पडली. पुढे विभागीय चौकशी झाली, त्याची वेतनवाढ रोखली गेली, आणि नंतर बराच काळ तो माझ्याशी बोलला नाही. त्याचे वाईट मला आजही वाटते, आणि तरीही तोच निर्णय मी पुन्हा घेईन.

कारण त्याला सांभाळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी लोकसेवकाने खोटा अभिलेख तयार केला, तर जुन्या दंडसंहितेच्या कलम 218 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होती. भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा कलम 256 मध्ये आहे. म्हणजे मी खोटी वेळ लिहिली असती, तर एका आरोपीचे दोन झाले असते, आणि माझ्या खाली सही करणारा तिसरा. शिवाय त्या मारहाणीतून हाती काय येणार होते? पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे प्रत्येक शिपायाला प्रशिक्षणात शिकवलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली डी. के. बसू खटल्यात अटकेची वेळ लिहिण्यापासून ते दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करण्यापर्यंत जे निर्देश दिले, त्यांचा गाभा हाच आहे, की कोठडीतल्या माणसाचा प्रत्येक तास कोणाच्या तरी सहीने कागदावर यावा.

तरीही माणसे गप्प बसतात, आणि त्याला केवळ भित्रेपणा म्हणणे मला पटत नाही. तक्रार करणाऱ्याची बदली होते, रजा अडते, गोपनीय अहवालात शेरा येतो. 1966 च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घातली आहेत, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. प्रकाश सिंह खटल्यातील 2006 च्या निकालाने पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्राच्या कायद्यात राज्य व विभाग अशा दोन्ही पातळ्यांवर त्यांची तरतूदही झाली. पण नागरिकाच्या तक्रारीसाठी असलेली ही दारे आतून बोलू पाहणाऱ्या शिपायाला आपली वाटत नाहीत. ज्या खात्यात खरे लिहिण्याची किंमत एकट्यानेच मोजावी लागते, तिथे नैतिकतेची व्याख्याने देऊन फारसे काही बदलणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी नोंद करणाऱ्याच्या पाठीशी त्याचा निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमोर उभा राहिला, तर मात्र बदलते. त्या रात्री आमचे साहेब तसे उभे राहिले, म्हणून मी टिकलो.

अलीकडे नोकरीत आलेल्या एका मुलीने मला विचारले, “काका, वरिष्ठच वेळ बदलायला सांगत असतील तर?” मी तिला सांगितले, की जे स्वतः पाहिले नाही त्यावर सही करायची नाही, आपली नोंद घटना घडताच करायची, आणि आदेश चुकीचा वाटला तर तो लेखी मागायचा, बहुतेक वेळा तो लेखी येत नाही आणि विषय तिथेच थांबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या आदेशानुसार पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण 18 महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायचे आहे. चौकशी त्याहून लांबू शकते, म्हणून ते चित्रण राखून ठेवण्याची विनंती पहिल्याच आठवड्यात लेखी द्यायची आणि तिची पोच आपल्याजवळ ठेवायची.