भेंडीचा डबा आणि कार्निव्हल

जर्मनीतल्या कोलोनला कार्निव्हलच्या दिवसांत जाऊ नका. गेलातच तर लोकल गाडीत बसायचा हट्ट धरू नका. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही केलं. गुरुवारी पोचले, शुक्रवार कॅथेड्रलभोवतीच्या गर्दीत धक्के खाण्यात गेला, आणि शनिवारी सकाळी कोलोनच्या दक्षिणेला अर्ध्या तासावर असलेल्या वाइलर्सविस्टची गाडी धरली.

तिथे का? तर 'कॅन' या रॉक बँडसाठी. १९६८ साली कोलोनमध्ये सुरू झालेला आणि दहा-अकरा वर्षांत थांबलेला हा बँड. तरी त्यांचे नवे अल्बम येतच राहतात! त्या काळी चाहत्यांनी मैफलींत चोरून भरलेल्या टेपा आता साफसूफ करून निघतायत. २०२१ मध्ये स्टुटगार्ट आणि ब्रायटन, पुढच्या वर्षी कुक्सहाफेन. गाण्यांना नावंसुद्धा नाहीत. शहर, साल आणि पुढे जर्मनमध्ये एक, दोन, तीन. मूळच्या चौकडीतले एकटे इर्मिन श्मिट उरलेत. त्यांनी वयाच्या ऐंशीनंतर हा उद्योग हाती घेतला. आणि २३ फेब्रुवारीला येणार होती पॅरिसची १९७३ची मैफल, या मालिकेत पहिल्यांदाच बँडचा गायक दामो सुझुकीच्या आवाजासकट. मी तर दिवस मोजत होते.

गाडीत उभं राहायला जागा नाही. सगळे कार्निव्हलच्या सोंगात: समुद्री चाचे, नन, एक अख्खं गाजर. हीटर असा की भट्टी बरी. मी जॅकेट उघडलं. आत टी-शर्टवर 'कॅन'च्या 'एगे बाम्यासी' अल्बमचं मुखपृष्ठ, म्हणजे भेंडीचा डबा. शेजारची मधमाशी (पन्नाशीची असावी, एक पंख माझ्या कानात) वाकून बघत म्हणाली, "अरे वा, तू भेंडी झालीयेस!" अख्खा डबा हसला. "आलाफ!" असा कार्निव्हलचा जयघोष करत कुणीतरी माझ्या खिशात चॉकलेटं कोंबली. मी हा बँडचा टी-शर्ट आहे वगैरे सांगायला लागले, पण माझं जर्मन पहिल्याच वाक्यात दमलं.

वाइलर्सविस्टमध्ये बघण्यासारखं काही नाही, हे मला आधीच माहीत होतं. १९७१च्या शेवटी बँडनं तिथलं एक जुनं थिएटर घेतलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या दीडेक हजार गाद्या ठोकल्या. तो सगळा स्टुडिओ २००७ मध्ये गाद्यांसकट ग्रोनाऊच्या संग्रहालयात गेला. म्हणजे शहाण्या माणसानं ग्रोनाऊला जावं. पण मला जागा बघायची होती. बँडचा बेसवादक होल्गर चुकाई शेवटपर्यंत तिथेच राहत होता आणि २०१७ मध्ये तिथेच गेला. बेकरीतल्या जोकर-मुलीला विचारलं, तर तिनं 'कॅन' हे नावच ऐकलेलं नव्हतं. मग गारठ्यात दीड तास पायपीट. शेवटी एका बंद दारासमोर उभी राहिले. हेच ते, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. खरं-खोटं विचारू नका.

परतीची गाडी रद्द. पुढची कधी, हे सांगायला फलाटावर कुणी नाही. चिडून फोन काढला आणि बातमी दिसली: दामो सुझुकी गेला. आदल्या दिवशी, ९ तारखेला, कोलोनमध्ये. वय ७४.

म्हणजे ज्या शहरात तो शेवटचे श्वास घेत होता, त्याच शहरात मी गुरुवारपासून होते आणि इथे येऊन रिकाम्या थिएटरचं दार शोधत होते. १९७० मध्ये तो म्युनिकच्या रस्त्यावर गात होता. चुकाई आणि बँडचा ड्रमर याकी लीबेत्साइट कॅफेबाहेर बसले होते. त्यांनी विचारलं, रात्री आमच्याबरोबर गाणार का? तो त्याच रात्री गायला, तालमीबिमीशिवाय. पुढेही जन्मभर तेच केलं. गावोगाव जायचं आणि तिथले वाजवणारे भेटतील त्यांच्याबरोबर सरळ मंचावर उभं राहायचं. हे सगळं मला पाठ. त्याला समोर बसून एकदाही ऐकलं नाही. बघू कधीतरी, असं म्हणत राहिले.

पॅरिसची मैफल दोन आठवड्यांवर आलेली, आणि त्यातला आवाज आता नव्हता.

पाऊण तासानं गाडी आली. पुन्हा चाचे, पुन्हा "आलाफ", पुन्हा तीच भट्टी. एका पेंग्विननं माझ्यासाठी सरकून जागा केली आणि खुणेनं सुचवलं, जॅकेट काढ की! मी मान हलवली. गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली आणि कोलोन येईपर्यंत घामानं निथळत तशीच बसून राहिले.