एक वर्ष आणि एक दिवस

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी असले की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकलात ना? पैशांचं कसं केलंत? आमच्या मुलीला घालायचं म्हणतोय." मागचे लोक ताटल्या घेऊन खोळंबलेले असतात, म्हणून मी "स्वस्त असतं हो" एवढं बोलून पुढे सरकते. ते उत्तर अर्धंच आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते. माझा अनुभव कॅलिफोर्नियाचा आहे, दुसऱ्या राज्यात असाल तर आकडे वेगळे.

अभ्यासक्रम इथे युनिटमध्ये मोजतात. फी एका युनिटला ४६ डॉलर, आणि हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. १९८४ पर्यंत तर फीच नव्हती. असोसिएट म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला साधारण ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. पण हा दर राज्याच्या रहिवाशाला. माझं घोडं तिथेच अडलं.

एस.वाय.बीकॉम अर्धवट टाकून मी साताऱ्याहून २०१३ च्या ऑगस्टअखेर आले, एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीवर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो त्यावर. पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजात नाव घालायला गेले. खिडकीतल्या बाईंनी भाडेकरार, लायसन्स, पासपोर्टवरचा शिक्का, एकेक कागद उलटून पाहिला. मग कॅलेंडरवर सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवसाला पेन्सिलीने गोल केला आणि उलटं मोजत गेल्या. त्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो. माझे अकरा दिवस कमी पडले. अकरा दिवसांपायी चौपटीहून जास्त फी! माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "जानेवारीत ये. तोवर नॉनक्रेडिटच्या, म्हणजे पदवीत न धरल्या जाणाऱ्या, वर्गात बस, त्याला पैसे नाहीत." ते चार महिने मी इंग्रजीच्या फुकट वर्गात काढले, सत्तरीच्या एका व्हिएतनामी आजींच्या शेजारी. त्या रोज मला संत्रं द्यायच्या.

म्हणून आधी तारीख मोजा. इथे एच-४ वर रहिवासी होता येतं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नाही.

दुसरी गोष्ट फाफ्साची. केंद्र सरकारच्या मदतीचा हा अर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डवाले भरू शकतात, त्यामुळे मला तेव्हा तो दरवाजा बंदच होता. पण ज्यांना उघडा आहे तेही आत जात नाहीत. "आमच्या पगारावर कोण देणार?" किंवा त्याहून वाईट म्हणजे, "आपण काय गरीब आहोत का?" अहो, अर्ज केल्याने कोणी गरीब ठरत नाही. या अर्जावर मिळणारी केंद्राची पेल ग्रँट उत्पन्नावर ठरते (२०२५-२६ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, परत न फेडायचे), हे खरं. पण पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि १२ युनिट घेणाऱ्या मुलांना बहुतेक कॉलेजं दोन वर्षं फी माफ करतात, उत्पन्न न बघता. अट एवढीच की अर्ज भरलेला हवा. आमच्या ओळखीत नवरा-बायको दोघे इंजिनिअर, अर्जच केला नाही आणि मुलाचं पहिलं वर्ष रोख भरून बसले. कमी उत्पन्नवाल्यांसाठी राज्याची प्रॉमिस ग्रँट निराळी. तिच्यात फी माफ होते, पुस्तकं नाही.

पुस्तकं हेच तर दुखणं. माझ्या एका विषयाची फी १३८ डॉलर आणि पुस्तक जवळजवळ तेवढ्याचंच. एका सीनियरकडून जुनी प्रत वीस डॉलरला घेतली, खुश झाले. पहिल्या गृहपाठाला कळलं की तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याचा ॲक्सेस कोड एकदाच चालतो, म्हणजे सीनियरबरोबरच संपलेला. कोड वेगळा विकत घेतला. तेव्हापासून वेळापत्रकात 'पुस्तकखर्च शून्य' अशी खूण असलेला वर्ग आधी शोधायची. ओपनस्टॅक्स या वेबसाइटवरून अकाउंटिंगची, स्टॅटिस्टिक्सची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि चांगली आहेत.

पेल ग्रँट घेतलीत तर एक सांभाळा. सत्राचा साठ टक्के काळ व्हायच्या आत सगळे विषय सोडले तर काही रक्कम परत करावी लागते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आईच्या आजारपणात सातव्या आठवड्यात सगळं सोडलं, आणि महिन्याभराने बिल घरी आलं.

टॅक्सचं बहुतेकांना माहीतच नसतं. पदवीसाठी किमान अर्धवेळ शिकत असाल तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट नावाची करसवलत चार वर्षं मिळते, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत. खर्चातले पहिले २,००० डॉलर पूर्ण धरतात, पुस्तकांसकट. उत्पन्नाची मर्यादा आहे, तेव्हा हिशेबनिसाला विचारा. आमची तर जवळपास सगळी फी तशीच वळती झाली. नोकरी लागली की साहेबांनाही विचारा: कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाला देऊ शकते, आणि त्यावर तुम्हाला टॅक्स नाही. माझे शेवटचे दोन विषय तसेच झाले.

कर्ज मात्र मी शेवटी ठेवीन. या कॉलेजापुरतं बहुधा लागत नाही, पुढे युनिव्हर्सिटीत लागणारच आहे. त्याऐवजी कॉलेजातच काम देणारं वर्क-स्टडी मागा. माझे वडील साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत शिकले, त्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात नवीन काय?"

जानेवारीत सहा युनिटचं बिल हातात आलं तेव्हाही पहिला फोन त्यांनाच केला. २७६ डॉलर, आरोग्य फी वेगळी, पार्किंग वेगळं. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले, जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पार्किंगचे कशाला देतेस? चालत जा."

मी बसने गेले. विद्यार्थ्यांचा पास फीमध्येच होता.