तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट करायचीच, तर आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन कशाला?

रबाळे एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनला आहे म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. परचेसवाले विचारतात, ऐरोलीच्या सोसायटीतले काका विचारतात, परवा तर आमच्याच इंटर्नने विचारलं, "मॅडम, शेवटी टेस्ट होणारच, मग ही रंगीत चित्रं कशाला?"

मॅक्सवेलच्या समीकरणांशी, म्हणजे विजेच्या आणि चुंबकत्वाच्या गणिताशी, माझं भांडण नाही. अडतं ते लोखंडापाशी. ५० हर्ट्झला तांब्यात प्रवाह नऊ-साडेनऊ मिलिमीटर खोल शिरतो, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीच्या माइल्ड स्टीलमध्ये जेमतेम एक-दोन. एवढ्याशा जाडीत मेशचे, म्हणजे मॉडेल ज्या बारीक तुकड्यांत कापतो त्यांचे, तीन-चार थर बसवायचे, आणि टाकी दोन मीटरची. त्यातूनही वाट काढता येते. पण स्टीलची पर्मिएबिलिटी, म्हणजे ते किती सहज चुंबकित होतं तो आकडा, कुठून आणू? मिलच्या सर्टिफिकेटवर कार्बन असतो, ताकद असते. ती ज्यावरून काढतात तो बी-एच कर्व्ह नसतो.

२५०० केव्हीएचा जॉब, म्हणजे ऑर्डरचा ट्रान्सफॉर्मर, होता. एलव्ही (कमी व्होल्टेजची बाजू) ४३३ व्होल्ट, म्हणजे फेजला ३,३३३ अँपिअर. तीन बुशिंग (वीज टाकीबाहेर काढणारे इन्सुलेटर), वरच्या कव्हरला तीन वेगळी भोकं. तिन्ही फेज एकाच भोकातून काढले असते तर त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना बरंचसं मारून टाकतं. इथे प्रत्येकाभोवती लोखंडाचं अखंड कडं, ते तापणारच. मॉडेलमध्ये भोकांमधली जागा लालभडक दिसत होती. मी म्हटलं, तिथे नॉन-मॅग्नेटिक स्टेनलेसची पट्टी घाला.

"किती तापेल?" प्रॉडक्शनच्या साहेबांनी विचारलं.

"तेलापेक्षा तीस ते सत्तर अंश जास्त. स्टीलवर आहे."

"तीस की सत्तर?"

"प्लेटचा नमुना कापून द्या, मोजून सांगते."

"मॅडम, शनिवारी गाडी लागतेय."

पट्टी बसली नाही. हीट रनला, म्हणजे किती तापतं ते बघायच्या टेस्टला, दुपारपर्यंत दोन बुशिंगच्या मधला करडा रंग तपकिरी पडला, मग फुगला. वास थेट टेस्टिंगच्या केबिनपर्यंत. साहेब सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले, "तुम्हाला माहीत होतं, तर अडून का नाही बसलात?"

अजून आठवलं की डोकं फिरतं. माझ्याकडे रेंज होती. रेंजच्या जोरावर कोण अडून बसतं? नुसतं "सत्तर" म्हटलं असतं तर पट्टी त्याच दिवशी बसली असती, हे मला तिथे बसल्याबसल्याच कळत होतं. तेव्हा वाटलं, ती लबाडी होईल. आज वाटतं, तीस ऐकायला तिथे होतंच कोण? पण मग आकडा फुगवून सांगणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगते. टेस्टने सांगितलं, तापलं. पट्टी किती रुंद हवी, हे तिने सांगितलं नाही. ते आम्ही टेस्टच्या तापमानांवरून मॉडेलमधलं स्टील जुळवून काढलं, आणि दुरुस्तीनंतर जॉब पास झाला. पुढच्या लॉटची प्लेट दुसऱ्या मिलची आली, तेव्हा जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

मीटिंगमध्ये मी अजूनही रेंजच सांगते. फक्त मोठा आकडा आधी सांगते, आणि लहान सांगेपर्यंत बहुतेकांनी वही मिटलेली असते.