अनोळखी माणसाला फोन करावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लातूर, सांगली, जळगावकडून पुण्यात आलेली मुलंमुली आणि त्यांचे पालक मला नेहमी एकच विचारतात : "आमचं आयटीत ओळखीचं कुणी नाही. अनोळखी माणसाला थेट मेसेज किंवा फोन केला तर त्याला राग नाही का येणार?"

बहुतेकांना येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आमच्या टीमसाठी मुलाखती घेते, आणि असे मेसेज मला सतत येतात. "मॅडम, फ्रेशर आहे, काही ओपनिंग असेल तर सांगा" असं कुणी लिहिलं तर रागापेक्षा पंचाईतच जास्त होते, कारण त्यावर उत्तर काय द्यायचं? तेच कुणी लिहिलं, की "तुमच्या जाहिरातीत काफ्का आहे, मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये रॅबिटएमक्यू वापरलंय, नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काफ्काचं काम कितपत पडतं?", तर मी त्याच संध्याकाळी उत्तर देते. (काफ्का आणि रॅबिटएमक्यू ही एका प्रोग्रॅमचे निरोप दुसऱ्याकडे पोचवणारी सॉफ्टवेअरं.) नोकरी देणं माझ्या हातात नसतं, पण माझ्या कामाबद्दल सांगणं असतं. म्हणून नोकरी मागू नका, त्या कामाबद्दल विचारा. आणि शक्यतो एचआरला नको, ज्याच्या शेजारी बसून काम करायचंय त्याला विचारा.

आता ओळखीबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्या करणाऱ्यांना नोकरी कशी मिळाली ते विचारलं होतं. 1973 साली त्याचा जो निबंध आला त्यात दिसतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची ती ओळख नेहमी भेटणाऱ्या माणसाची होती. बाकीच्यांना कळलं ते क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे : रूमवर एकत्र राहणाऱ्या चौघांना जागांची माहिती सारखीच असते. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. त्यातही थोड्या दूरच्या ओळखी जास्त उपयोगी ठरल्या, आणि जिथे काम अधिक डिजिटल तिथे तर विशेषच. म्हणजे तुमचं आयटीत "कुणी नाही" हे खरं नसतं. कॉलेजातली तीन वर्षं पुढची सीनियर आहे, मामांच्या सोसायटीतले कुणी आहेत, पायथॉन पुणे या प्रोग्रॅमर मंडळींच्या गटाच्या मीटअपमध्ये, म्हणजे भेटीगाठीच्या कार्यक्रमात, शेजारी बसलेला मुलगा आहे. मीटअपला जाच. तिथे अनोळखी माणसाशी बोलणं कुणालाच विचित्र वाटत नाही.

रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाने तुमचं नाव आत सुचवणं, मागायला पुष्कळांना संकोच वाटतो, वशिला लावल्यासारखं वाटतं. तसं नाही. रेफरलमुळे बायोडेटा वाचला जाण्याची शक्यता वाढते, मुलाखतीच्या फेऱ्या मात्र द्याव्याच लागतात. तुम्ही रुजू झालात तर अनेक कंपन्या रेफर करणाऱ्याला बोनस देतात, त्यामुळे तोही खुशीने करतो. पण नाव त्याचं लागतं, म्हणून तो आधी तुमचा कोड बघणार. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, एक तरी धड चालणारा प्रोजेक्ट आणि तो कसा चालवायचा ते सांगणारी रीडमी फाइल ठेवा.

फोन मात्र छोट्या कंपन्यांना करा. बाणेर, कोथरूड, खराडीत दहा-वीस जणांची ऑफिसं पुष्कळ आहेत, तिथे बऱ्याचदा मालकच फोन उचलतो. मोठ्या कंपनीच्या रिसेप्शनला फोन करून हाती काही लागत नाही, ते पोर्टलवर अर्ज करा म्हणतात. सकाळी टीमच्या मीटिंगा असतात, दुपारी चारच्या सुमारास लावा. नाव सांगा, "आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?" विचारा, नाही म्हणाले तर वेळ मागून घ्या. मेसेजला उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांच्या वतीने तुम्ही फोन करू नका. तुमची तळमळ मला कळते, पण पलीकडच्या माणसाला मुलाचा किंवा मुलीचाच आवाज ऐकायचा असतो.

आणि ऑफर लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणीही पैसे मागितले, मग ते कितीही मोठ्या कंपनीचं नाव सांगोत, एक रुपयाही पाठवू नका. त्या कंपनीच्या मूळ वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल करून आधी खात्री करून घ्या.