साधा झाडपाला

कॅज्युअल्टीतली माझी ड्यूटी संपत आली होती. तेवढ्यात एक मुलगा आईला हाताला धरून घेऊन आला. काकू पन्नाशीच्या. पायात गोळे, छातीत धडधड आणि सकाळी बाथरूममध्ये चक्कर. नाडी ११८, बीपी १६०/१००.

"काही औषधं चालू आहेत?"

"छे, एकही नाही."

ईसीजीची पट्टी निघाली. टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी दिसणारा उंचवटा, जवळजवळ सपाट आणि तिच्यामागे एक छोटासा जादा उंचवटा, म्हणजे यू वेव्ह. हे दिसलं की आधी रक्तातलं पोटॅशियम आठवतं. रिपोर्ट आला २.६. ते ३.५ च्या खाली गेलं तरी आम्ही कमी म्हणतो, २.६ ला तर हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. उलट्या? नाहीत. जुलाब? नाहीत.

मुलगा इतका वेळ चुळबुळ करत होता. त्यानं खिशातून एक डबी काढून टेबलावर ठेवली. "कपाटात कपड्यांखाली होती. वजन कमी करायच्या कॅप्सूल आहेत." काकू भडकल्या, "ते काय औषध आहे? साधा झाडपाला आहे!"

डबीवर हिरवं पान होतं. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. असल्या 'नैसर्गिक' मालात सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं कितीतरी देशांत झाली आहेत. भूक मारणारं हे औषध नाडी आणि बीपी वाढवतं. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका दिसल्यामुळे २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. या डबीत तेच होतं का, हे आमच्या लॅबला कळणार नव्हतं. मी त्या कॅप्सूल घेणं बंद करायला सांगितलं.

पण एवढ्यानं पोटॅशियम इतकं उतरत नाही. मुलाला केसपेपर काढायला पिटाळलं आणि पडदा ओढला. (वजनाचा विषय असला की 'काही घेता का' असं मोघम विचारून भागत नाही, एकेका गोळीचं नाव घेऊन विचारावं लागतं.) "पोट साफ व्हायच्या गोळ्या घेता?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "रात्री चार-पाच. सकाळी काटा किलोभर खाली येतो हो."

त्यांना सांगितलं की या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात. अन्नातली ताकद त्याच्या कितीतरी आधी, लहान आतड्यातच अंगात जाते. काट्यावर जो किलो कमी दिसतो ते पाणी, आणि त्याच्याबरोबर पोटॅशियम वाहून जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हाताला लावलेल्या सलाइनकडे बघत विचारलं, "यानं वजन वाढेल का?"

पोटॅशियम शिरेतून फार हळू द्यावं लागतं आणि हात जळजळतो. त्या तासांत बोलायला वेळ मिळाला. मुलगा परत आल्या आल्या सुरू झाला, "आई, तुला गरजच काय होती?" त्यावर काकू म्हणाल्या, "पहिले चार किलो उतरले तेव्हा 'आता कशी दिसतेस!' असं तूच म्हणाला होतास ना?"

त्याला काही बोलता आलं नाही. मला त्याची दयाच आली; चांगल्या मनानंच म्हणाला असणार.

गोळ्या थांबल्यावर काही दिवस अंगात पाणी साठतं आणि काटा वर जातो. नेमक्या त्याच दिवसांत माणसं गुपचूप परत गोळ्यांकडे वळतात, हे मी दोघांनाही एकत्र बसवून सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. काकू जायला तयार झाल्या, पण त्यांची एक अट होती: जेवताना मुलानं त्यांच्या ताटाकडे बघायचं नाही.