दोनचा अलार्म

ओपीडी संपत आली होती. समोर चौदा वर्षांची मुलगी, शेजारी आई, हातात शाळेची चिठ्ठी: मैदानावर चक्कर येऊन पडली. सकाळी तपासलेलं हिमोग्लोबिन ५.४. ते १२ च्या आसपास तरी हवं.

"पाळी कशी आहे?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "महिन्याच्या महिन्याला येते. नॉर्मल आहे."

मी केसपेपरवर 'पाळी नियमित' लिहिलं आणि जंत, जेवण, भूक अशा ठरलेल्या प्रश्नांकडे वळले. तेवढ्यात सिस्टर कानाशी वाकल्या. "मॅडम, नंबर यायच्या आधी ही तीनदा बाथरूमला जाऊन आलीय. आता परत जायचं म्हणतेय."

मी पेन खाली ठेवलं. या वेळी आईला नाही, मुलीलाच विचारलं.

"आज कितवा दिवस?"

"नववा."

"पॅड किती वेळाने बदलतेस?"

"तासाने. शाळेत दोन लावून जाते."

"गाठी पडतात?"

तिने अंगठा आणि बोट जुळवून आकार दाखवला. चांगला मोठ्या नाण्याएवढा.

"आणि रात्री?"

"अलार्म लावते. दोनचा आणि साडेचारचा. नाहीतर गादी भरते."

आईला यात वावगं काही वाटलं नाही. "मीही लावायचे. आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगावरून असं जातं."

त्या आठ शब्दांत निम्मं निदान होतं. आणि ती खोटंही बोलली नव्हती. 'नॉर्मल' म्हणजे तिच्या लेखी तिची आई, बहिणी आणि ती स्वतः. पुस्तकात आम्ही एका पाळीला ८० मिलिलिटरची मर्यादा पाठ केली होती, पण मोजून कोण आणतं? तासाला पॅड, दोन पॅड एकदम, मोठ्या गाठी, सात दिवसांच्या पुढे रक्तस्राव, झोपमोड. मोजमाप हेच. ते मी पहिल्यांदाच विचारायला हवं होतं.

मग बाकीचं भराभर बाहेर आलं. दुधाचा दात पडला तेव्हा उशी भिजली होती. नाकातून रक्त यायचं. मांडीवर निळे डाग होते, कशाने ते तिला माहीत नव्हतं. पहिल्या पाळीपासून हे असंच.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं दर महिन्याला बीज सुटत नाही, त्यामुळे पाळी गडबडते. म्हणून या वयात 'होईल आपोआप ठीक' असं सांगून पाठवायची आमची सवय. ते पुष्कळदा खरंही ठरतं. पण पहिल्याच पाळीपासून असं वाहत असेल, तर रक्त गोठण्याची चौकशी करायलाच हवी.

नाडी १२८. तिला दाखल केलं. वॉर्डमधून निरोप, आधी रक्त चढवू. मी म्हटलं, आधी नमुने घ्या, पाच मिनिटं लागतील. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की गोठण्याच्या चाचण्यांचा भरवसा कमी होतो. गर्भधारणेची चाचणी निगेटिव्ह, सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ. प्लेटलेट्स भरपूर, पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्याही ठीक. तपास बऱ्याचदा इथेच थांबतो. आम्ही फॉन विलेब्रांड फॅक्टरसाठी, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या एका प्रथिनासाठी, नमुना पाठवला.

पोटदुखीसाठी आई तिला मेफेनॅमिक ॲसिड देत होती. एरवी याच गोळीने पाळीतला रक्तस्राव थोडा कमी होतो. पण ती प्लेटलेट्सचं काम मंदावते, म्हणून रक्त गोठण्यातच दोष असेल तर ती नको. ती बंद केली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सुरू केलं. ते नवी गुठळी तयार करत नाही, झालेली विरघळू देत नाही, इतकंच. पण ते इतकंच पुरतं. सोबत हार्मोनच्या गोळ्या. त्या गर्भनिरोधक म्हटल्यावर आईचा चेहरा बदलला. इथे काम गर्भाशयाचं अस्तर आवरायचं आहे, हे समजवायला रक्त चढवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दोन पिशव्या रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी स्राव थांबला.

रिपोर्ट आला: फॅक्टर २४. ३० च्या खाली म्हणजे फॉन विलेब्रांड आजार, शंकेला फारशी जागा नाही. आजारपणाच्या ताणाने ही पातळी वर जाते, आणि तशातही ही २४, म्हणून जास्तच बोलकी. तरी आम्ही चाचणी पुन्हा करायचं ठरवलं. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. ज्या मुलीपासून त्यांचा शोध सुरू झाला, ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. हे कॉलेजात वाचलं होतं. त्या दिवशी ते नुसतं परीक्षेचं राहिलं नाही.

आईला सांगितलं, हा आजार आईवडिलांकडून येतो, तुमचंही रक्त तपासू या. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चौतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. जास्त जातं म्हणून. ऑपरेशनमध्येही चार बाटल्या रक्त लागलं होतं. तेव्हा ही तपासणी नव्हती का?"

"होती," मी म्हणाले.

"मग?"

तेव्हाचे कागद माझ्यापुढे नव्हते. कदाचित दुसरंही कारण असेल, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

निळ्या बुचाच्या नळीत तिचं रक्त घेतलं, सुई काढली, कापूस ठेवला. दाबून धरा म्हणायच्या आत तिने अंगठा रोवला होता. माझं लिहून झालं, लेबल लावून झालं, नळी लॅबकडे गेली, तरी तो अंगठा तिथेच होता.